अंगावर काढलेलं दुखणं जातं कुठं?

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून राधानगरीची किंवा गगनबावड्याची एसटी पकडा आणि कंडक्टरवर नजर ठेवा. पासष्टी पूर्ण केलेल्या पुरुषांना अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, हे नियम त्याला पाठ असतात. (बायकांना मार्च 2023 पासून सरसकट अर्धं तिकीट असल्यामुळं वय सांगायची भानगडच उरलेली नाही.) कार्ड सगळ्यांकडं मागायचं असतं, पण गर्दीत ते होत नाही. सत्तरी गाठलेला, ताठ चालत आलेला एखादा निवृत्त मास्तर दिसला की कंडक्टर अडवतो, "मामा, आधार दाखवा." आणि दांडा धरून कसाबसा वर चढलेल्या, गालफडं बसलेल्या माणसाच्या हातात न विचारताच अर्धं तिकीट ठेवतो. माणूस प्रामाणिक निघाला तर म्हणतो, "अहो, मला अजून छप्पन्नच चालू आहे." गाडी हसते. तोही हसतो, पण जरा उशिरानं.

कंडक्टरचं चुकलं का? तिकिटाच्या हिशेबानं चुकलं. पण त्याच्या नजरेनं काहीतरी खरं वाचलं होतं. त्या छप्पन्नच्या गड्याशी जरा बोलत बसलात तर बहुतेक वेळा एक वाक्य ऐकायला मिळेल : "चक्कर यायची मधी, पण काढली अंगावर."

ताप, दात, गुडघा, वाढलेली शुगर. आपण सगळं अंगावर काढतो. अंगावर म्हणजे नेमकं कुठं? आणि खिशात आरोग्य विम्याचं कार्ड असलं, तर या काढण्यात काही फरक पडतो का?

एकाच वयाची हजार माणसं

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात 1972 आणि 1973 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा शास्त्रज्ञ आजतागायत करत आले आहेत. ही मंडळी 38 वर्षांची झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत, दात, रक्तवाहिन्या असं बरंच काही तपासलं गेलं आणि त्यावरून प्रत्येकाच्या शरीराचं वय काढलं गेलं. सगळे आधारवर अडतीसचे. शरीरानं मात्र कुणी 28 चा निघाला, तर कुणी 61 चा. पुढची गंमत कंडक्टरला आवडेल अशी आहे. या लोकांचे फक्त चेहऱ्याचे फोटो अनोळखी विद्यार्थ्यांना दाखवले, तर ज्यांचं शरीर आतून जास्त झिजलं होतं त्यांनाच विद्यार्थ्यांनी जास्त वयाचं ठरवलं.

या आतल्या वयाला जैविक वय म्हणतात. ते मोजायची एक पद्धत अगदी साधी आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका सूत्रात रक्तातल्या नऊ गोष्टी आणि कॅलेंडरचं वय यांची सांगड घातली आहे. साखर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज ही पाच, आणि उरलेल्या चार तर आपण 'सीबीसी' म्हणून करतो त्याच कागदावर असतात. म्हणजे राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबच्या रिपोर्टात हे आकडे रोज छापले जातात. फक्त ते एकत्र वाचायची सवय आपल्याला नाही.

सातबाऱ्यावरचा बोजा

दुसरी पद्धत खोल जाते, थेट डीएनएपर्यंत. ती समजून घ्यायला सातबारा डोळ्यांपुढं आणा.

गट नंबर तोच, क्षेत्र तेच, बांध तेच. आजोबांच्या नावावर होती तीच जमीन नातवाच्या नावावर आली. पण उताऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. विकास सोसायटीचं कर्ज काढलं की तिथं बोजा चढतो, फेडलं की तो कमी करून घ्यायचा. जमिनीचं मातेरं झालेलं नसतं, पण तिच्यावर काय काय गुदरलं याची नोंद तिथं वाचता येते.

डीएनए ही जमीन समजा. जन्मापासून मरेपर्यंत त्याची मूळ अक्षरं जवळपास तीच राहतात. पण त्या अक्षरांवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक शिक्के बसतात आणि निघतात. कुठल्या पेशीनं कुठलं जनुक वापरायचं आणि कुठलं बंद ठेवायचं, हे ठरवण्यात या शिक्क्यांचा हात असतो. वय वाढेल तसे ते ठरावीक जागी वाढत जातात आणि ठरावीक जागी पुसट होतात. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्व्हाथ यांनी 2013 साली अशा 353 जागा हेरल्या आणि फक्त तेवढ्या वाचून माणसाचं वय सरासरी चार वर्षांच्या आत-बाहेर सांगून दाखवलं. नंतर ड्युनेडिनच्याच मंडळींच्या माहितीवरून आणखी एक घड्याळ बनलं. ते वय सांगत नाही, वेग सांगतं : कॅलेंडरचं एक वर्ष गेलं त्यात हे शरीर किती पुढं सरकलं.

धूम्रपान, दारिद्र्य, अर्धवट झोप, वर्षानुवर्षांची काळजी, या सगळ्यांचे ठसे या नोंदींत दिसतात. तेव्हा 'अंगावर' या शब्दाचा निदान एक पत्ता तरी सापडला. अंगावर काढलेलं दुखणं फेरफार होऊन इतर हक्कात जाऊन बसतं.

इथं एक सावधगिरी. जैविक वय सांगणाऱ्या महागड्या चाचण्या आता बाजारात विकायला आल्या आहेत. ही घड्याळं हजारो माणसांची सरासरी ताडून पाहायला उत्तम आहेत. एकट्या माणसानं अशा चाचणीवर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. तेवढ्या पैशात ब्लड प्रेशरच्या गोळ्या कितीतरी महिने येतील.

काहिलीतला रस

आता बोजा चढतो कसा, ते बघू. पहिला रस्ता साखरेचा.

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. चरकातून आलेला रस काहिलीत आटायला लागला की हिरवट-करडा रंग जाऊन तो सोनेरी, मग तांबूस होतो. आच जास्त झाली, गुळव्याची नजर चुकली, की काळपट. यात एक काम असं चालू असतं की साखर आणि रसातले प्रथिनांचे अंश एकमेकांना चिकटत जातात. आपल्या अंगातही हेच घडतं, फक्त चुलवाण मंद असतं, 37 अंशांचं. रक्तात साखर जास्त असली की ती हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून 'तीन महिन्यांची शुगर' ही चाचणी त्या चिकटलेल्या साखरेवरून मागच्या काळाचा हिशेब सांगू शकते. पेशी मेली की ती नोंद संपली. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली, डोळ्याच्या भिंगातली, सांध्यातली प्रथिनं अशी लवकर बदलत नाहीत. तिथं चिकटलेली साखर घट्ट होत जाते आणि लवचिक भिंत ताठर होते. पाच वर्षं शुगर अंगावर काढली म्हणजे पाच वर्षं काहिलीखालची आच बघायला कोणी नव्हतं.

दुसरा रस्ता दाबाचा. वाढलेलं ब्लड प्रेशर दुखत नाही, खुपत नाही. रोज लाखभर वेळा त्याच भिंतींवर धडकत राहतं. त्यावर जास्त लिहीत नाही, पाइपलाइनवर जास्त प्रेशरची मोटर बसवून बघितलेल्या शेतकऱ्याला पुढचं कळतं.

तिसरा रस्ता काळजीचा, आणि विम्याचा खरा संबंध इथं जास्त येतो असं माझं मत आहे. तालमीतला पैलवान पवित्रा घेऊन उभा राहतो तेव्हा नाडी वाढलेली, स्नायू ताणलेले, नजर टोकदार. कुस्ती संपली की वस्ताद त्याला खाऊ घालतो, झोपवतो. पवित्रा सोडणं हा ताकदीचा अर्धा भाग आहे. शरीर संकटात हेच करतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, रक्तात साखर येते, दाब वाढतो, दुरुस्तीची कामं मागं ढकलली जातात. संकट टळलं की सगळं पूर्ववत. पण घरात कुणाचं दुखणं निघालं तर पैसा कुठून आणायचा, ही काळजी संध्याकाळी संपत नाही. त्या घरातलं शरीर रात्रीही पवित्र्यातच असतं. अशा साठत गेलेल्या झिजेला शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी 1993 साली नावही दिलं. मराठीत त्याला जुळवून घेण्याचं ओझं म्हणता येईल.

आणि चौथा रस्ता धुमसणीचा. किडका दात, सुजलेल्या हिरड्या, न भरणारी जखम यांचा जाळ होत नाही, पण राखेखाली निखारा राहतो. रक्तातली दाह दाखवणारी सीआरपी थोडी वर राहते, पांढऱ्या पेशी सतत कामावर. म्हातारपणाचा आणि या मंद दाहाचा संबंध इतका जवळचा आहे की दोन्ही शब्द जोडून शास्त्रात एक नवा शब्दच तयार झाला.

"ऊसबिल आल्यावर बघू"

कोल्हापूर जिल्ह्यात घर दूधबिलावर चालतं आणि मोठी कामं ऊसबिलावर. पोरीचं लग्न, घराची स्लॅब, सोसायटी भागवणं, आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. पहिली उचल कधी आणि किती, यावर आंदोलनं होतात, आणि त्याच तारखेवर कुणाचातरी हर्निया अडकलेला असतो. इचलकरंजीत हीच गोष्ट कापडाच्या बाजारावर ठरते.

उसाचं आणि मनाच्या ओढाताणीचं नातं प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची एकच बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, तोडणीच्या आधी कडकीत आणि पैसे हातात आल्यावर. 2013 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा की तोच शेतकरी कडकीच्या दिवसांत चाचणीत मागं पडतो. त्याची अक्कल कमी झालेली नसते, ती आधीच दुसऱ्या हिशेबात गुंतलेली असते. गोळी विसरणं, तपासणीची तारीख हुकणं, 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणं याला आपण निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो. मला वाटतं त्यातला बराचसा भाग कडकीचा असतो.

पुढं ढकललेलं ऑपरेशन शेवटी होतंच, पण मग ते मध्यरात्री, रिक्षात घालून नेऊन होतं. त्याचीही किंमत पेशींत दिसते. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी 2023 साली काही रुग्णांचं जैविक वय ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मोजलं. खुब्याचं हाड मोडल्यामुळं तातडीनं ऑपरेशन करावं लागलेल्या म्हाताऱ्यांचं जैविक वय दुसऱ्या दिवशी वाढलेलं होतं आणि काही दिवसांत ते पुन्हा खाली आलं. ठरवून केलेल्या खुब्याच्या ऑपरेशनमध्ये अशी उडी दिसली नाही. दोन्हींत कापाकापी होतीच. मला या प्रयोगातलं दुसरं वाक्यही महत्त्वाचं वाटतं : वय खाली आलं. बोजा कमी करून घेता येतो.

छत्रीवाले कमी भिजतात, पण छत्रीमुळंच का?

मग विमा असलेली माणसं आतून तरुण असतात का? साधी तुलना केली तर असतात. पण थांबा. गगनबावड्याच्या पावसात छत्रीवाले कमी भिजलेले दिसतात हे खरं. मात्र छत्री घेऊ शकणाऱ्याचं घर पक्कं असतं, तो शेतात चिखलणी करत नसतो, आणि त्याच्याकडं गाडीही असते. विमा असलेल्याकडं बहुधा शिक्षण, पगार आणि दुपारचा डबाही असतो. छत्रीचा वाटा नेमका किती, हे कळायचं तर छत्र्या चिठ्ठ्या टाकून वाटायला हव्यात.

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात 2008 साली खरोखर तसं घडलं. गरिबांच्या सरकारी विम्यात सुमारे दहा हजार जागा होत्या आणि नव्वद हजारांच्या आसपास लोकांनी नावं दिली. सरकारनं सोडत काढली, आणि संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. दोन वर्षांनी काय दिसलं? विमा मिळालेल्यांत मधुमेहाचं निदान आणि औषधं वाढली, पण ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांच्या शुगरमध्ये नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. विम्याच्या समर्थकांची यानं पंचाईत झाली. मात्र नैराश्य सुमारे तीस टक्क्यांनी घटलं आणि दवाखान्यामुळं कंबरडं मोडणारा खर्च जवळजवळ थांबला. म्हणजे कार्डानं आधी पवित्रा सोडवला, आच कमी व्हायला दोन वर्षं पुरली नाहीत.

दुसरा दाखला आपल्या शिवेलगतचा आहे. कर्नाटक सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री ही योजना 2010 पासून आधी राज्याच्या उत्तर भागात लागू केली. बेळगाव त्यात आलं, दक्षिण मागं राहिली. संशोधकांनी या दोन भागांच्या सीमेवरची, एकमेकांना लागून असलेली 572 गावं आणि त्यातली सुमारे साठ हजार कुटुंबं तपासली. ज्या आजारांवर योजनेत उपचार होते त्यांनी होणारे मृत्यू योजना असलेल्या गावांतल्या गरीब घरांत 0.32 टक्के, नसलेल्या गावांत 0.90 टक्के. हा फरक मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटतो, एकट्या योजनेचा नसावाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि हॉस्पिटलसाठी खिशातून जाणारा पैसाही तिथं घटला होता.

चौकट : कार्डात काय आहे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू. कोल्हापूर नोव्हेंबर 2013 मध्ये उरलेल्या राज्याबरोबर आलं. 2017 पासून आताचं नाव. बोलण्यात अजूनही 'जीवनदायी'.
2023 च्या निर्णयानं पांढऱ्या रेशन कार्डासह सगळ्या कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ठरावीक यादीतले उपचार, योजनेत असलेल्या हॉस्पिटलांत. तिथं 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याच्याकडं जायचं.
सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड.
राज्य कामगार विमा (ईएसआय) : दहा किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही.

पडल्यावर उचलणारा विमा

चौकटीतली शेवटची ओळ पुन्हा वाचा, कारण घोडं तिथंच अडलं आहे.

आपल्याकडचा विमा, सरकारी असो वा खासगी, बहुतांशी ॲडमिट झाल्यावर जागा होतो. ॲन्जिओप्लास्टीचे पैसे मिळतील, डायलिसिसचे मिळतील. पण ती वेळ येण्याआधीची वीस वर्षं रोज लागणारी दोन रुपयांची गोळी, सहा महिन्यांची तपासणी, दाताची सफाई, चष्मा, यांना योजनेत जागा नाही. वर सांगितलेले चारही रस्ते बघा. साखर, दाब, काळजी, धुमसणी यांतला एकही बेडवर झोपून तयार होत नाही. सगळे ओपीडीतले आहेत. माणूस म्हातारा होतो घरी आणि विमा भेटायला येतो आयसीयूत. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, तरी ज्या घरात रोजची गोळी घ्यावी लागते तिथं मेडिकल दुकानाची चिठ्ठी अजून खिशातूनच भागते.

या हिशेबानं शिरोलीच्या फौंड्रीतला ईएसआयवाला कामगार, निदान कागदावर, पाच लाखांच्या कार्डवाल्यापेक्षा भाग्यवान म्हणायचा. त्याला खोकल्यापासून औषध मिळायची सोय आहे. आणि चार-सहा माणसांवर चालणाऱ्या यंत्रमागाच्या शेडमधला कामगार दहाच्या अटीमुळं बाहेर राहतो.

विमा नसतानाही आच कमी करता येते, याचा पुरावा शेजारी आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रातले त्याचे पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यात नवं औषध नव्हतं की यंत्र नव्हतं. जुन्याच स्वस्त गोळ्या, ठरलेला क्रम, एका वेळी महिनाभराचा साठा, आणि न आलेल्याची आठवण ठेवणारी वही.

आपल्याकडंही तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं ब्लड प्रेशर आणि शुगर सरकारी उपकेंद्रात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, मोफत तपासली जाते. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही त्यातच येते. कोल्हापूर शहरात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहेच. तेव्हा कार्ड काढलं नसेल तर काढा, पण ते कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका. ऊसबिलाची वाट न बघता या आठवड्यात घरातल्या चाळिशी उलटलेल्या सगळ्यांना घेऊन जा आणि दंडाला पट्टा बांधून घ्या. पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.